ठशांसाठी रजा

परदेशातल्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुऊन काकूंच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याचे बाकी सगळे सोपस्कार पार पडले. घोडं अडलं ते बोटांच्या ठशांपाशी. यंत्राने दोनदा नकार दिला. कचेरीतली बाई म्हणाली, "पुन्हा एकदाच बोलावीन. तोवर हातांना आराम द्या."

आराम हा शब्द काकूंच्या फक्त ऐकिवात होता. पण सुनेने त्यांना रजा घ्यायला लावली, रोज हातांना तेल चोळलं आणि भांडी काकांकडे सोपवली. पुरुषाच्या हाताला साबण लागला की घरभर वर्दी जाते, तशी ती गेली. एक कप फुटला, पण भांडी घासली गेली.

ठरल्या दिवशी काकूंनी काचेवर बोट टेकवलं आणि हिरवा दिवा लागला. मग एकेक करत उरलेल्या बोटांनाही लागला.

"झालं," बाई हसली. "आता तुम्ही इथल्याच."

घरी येताच काकांनी सिंककडे बोट दाखवलं. "सांभाळ आता तुझं राज्य."

"अहो, हे ठसे आता सरकारदरबारी जमा झालेत," काकू खुर्चीत ऐसपैस बसल्या. "पुसले गेले तर उत्तर कोण देणार? घासा तुम्हीच. चांगला हात बसलाय."