अण्णांचं बावन्नावं पुस्तक

आमचे अण्णाकाका बावन्नावं पुस्तक अर्धवट टाकून गेले. हे त्यांना अजिबात शोभलं नाही.

आज वर्ष झालं. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

तशी सुरुवातीची चूक माझीच. मी दर जानेवारीत 'यंदा बावन्न पुस्तकं' असं टार्गेट स्टेटसला टाकते आणि मार्चपर्यंत कशीबशी चार वाचून गप्प बसते. दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला परभणीहून चुडाव्याला अण्णांकडे गेले होते. अण्णांनी विचारलं, "बाई, किती झाले तुझे?"

"चार."

"आन् किती लोकायला सांगून ठिवलीस?"

मी चिडले. "इतकं सोपं असेल तर तुमीच करून दाखवा."

अण्णा म्हणजे शाळेतले रिटायर्ड क्लार्क. चाळीस वर्षं मारुतीच्या देवळात पोथी वाचली, पण पोथीशिवाय दुसरं पुस्तक उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ते उठले. हात धुतले. तळहातावर पाणी घेतलं आणि देवापुढं रीतसर संकल्प सोडला. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत बावन्न ग्रंथ!

"अण्णा, पुस्तकं मोजायच्या ॲपमध्ये पण टाकू का?"

"पाणी सोडलंय. आता आणखी कुठं टाकतीस?"

पंचाईत एवढीच होती की त्यांना वाचायची एकच पद्धत माहीत होती. पारायणाची. आंघोळ करून, चौरंग मांडून, समई लावून, पूर्वेला तोंड करून, मोठ्यानं. अध्याय मधेच सोडायचा नाही.

आणि वाचनालयातून आणलेलं पहिलंच पुस्तक खुनाचं निघालं.

ते त्यांनी पोथीच्याच चालीवर लावलं. "इन्स्पेक्टरनेऽऽ दार उघडलेऽऽ, आत प्रेत पडले होतेऽऽ." चॅप्टर संपला की घंटी.

शेजारच्या गिरजामावशी डोक्यावर पदर घेऊन येऊन बसल्या. दोन अध्याय हात जोडून ऐकले आणि हळूच विचारलं, "कोणत्या देवाची हाय ओ पोथी?"

अण्णा म्हणाले, "आणखी कळालं न्हाई. शेवटच्या अध्यायात कळंल."

समाप्तीला नैवेद्य लागतो. आमच्याकडे नैवेद्य म्हणजे शिरा. शुगर असलेल्या माणसाला त्या घरात गोड मिळायचा हा एकच सनदशीर मार्ग होता. हे काकूच्या लक्षात यायला सहा पुस्तकं जावी लागली.

तिचा फोन आला. "बाई, पुस्तकं लय बारीक बारीक व्हायलेत. काल तर सोळा पानाचं आणलं. वर सशाचं चित्र हाय."

मी अण्णांना झापलं. ते शांतपणे म्हणाले, "पानं मोजायची नसतात. समाप्ती मोजायची असती."

मग काकूनं कायदा केला. शंभर पानांच्या खाली शिरा नाही. अण्णांनी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी जाड कादंबरी घेऊन आले.

त्यानंतर मात्र माणूस बदलला. मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत मला त्यांचा फोन यायचा. "पोथीत पुढं काय होणार ते ठाऊक असतं गं. ह्याच्यात कळंना झालंय. रातीला झोप न्हाई."

सहासष्टाव्या वर्षी माणूस असा नव्यानं खूश होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

काकू कधी समोर बसली नाही. "मला कामं न्हाईत का?" म्हणत स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. तिला या सगळ्याचा वैताग आहे, असंच आम्ही धरून चाललो होतो.

फाल्गुनात, पाडव्याला आठ दिवस असताना, अण्णा दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

बावन्नावं पुस्तक चौरंगावर. तीसेक पानं राहिलेली.

काकू रडली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पाणी सोडलेलं हाय. अर्धं राहिलं तर त्यांचा जीव अडकंल. पाडव्याच्या आत तू पुरं कर."

पण घरात सुतक. गुरुजींना फोन लावला.

"सुतकात पारायण चालत न्हाई, ताई."

"गुरुजी, पोथी नाही. कादंबरी आहे. खुनाची."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"खुनाची चालती. पण घंटी वाजवू नका."

पाडव्याच्या आदल्या दिवशी बसले. समई नाही, शिरा नाही. अण्णांनी खुणेला मोरपीस ठेवलं होतं, तिथून सुरू केलं.

स्वयंपाकघरातून आवाज आला. "तिथून न्हाई. मागच्या पानावरून घे. वकिलाची बायको खोटं बोलती, तिथून. तिथं त्यांचा डोळा लागला होता."

मी थांबले. "काकू, तू ऐकत होतीस?"

"मग काय कान काढून ठिवू?"

ती बाहेर आली आणि पहिल्यांदा समोर बसली. मी तीसही पानं वाचली. अण्णांच्या चालीवर जमलं नाही, साधीच वाचली. खुनी वकील निघाला.

"मला पयल्यापासून डाऊट होता," काकू म्हणाली.

मग पुस्तक हातात घेऊन तिनं कपाळाला लावलं. "ऐकणाऱ्याला बी वाचणाऱ्याइतकंच पुण्य, असं म्हणायचे ते. खरं का गं?"

"हो. देवळात दरवर्षी सांगायचे."

"मग त्यांचे झाले एक्कावन्न."

"हो."

"आन् माझे बावन्न."

मी मान हलवली.

"एकानं पुढं गेले गं मी त्यांच्या," ती म्हणाली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

अण्णा, संकल्प पुरा झाला. तुमच्याच घरात, तुमच्याच माणसाच्या नावावर झाला. आता कशात जीव अडकवू नका.

तुमची लय आठवण येते. पायावर डोकं ठेवते.