पोस्टमन पाच वेळा उठला

आमच्या दुकानात बूट दुरुस्त होतात, वाद मात्र कधीच मिटत नाही. वाद एकच. आमच्या गावाचा बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन, त्याला रिंगमध्ये सगळ्यात भारी पडला कोण? शिंपीकाका म्हणणार, खाटीक! बारा फेऱ्या टिकला, चॅम्पियनची बरगडी मोडली. कंडक्टर म्हणणार, छट्, डावखुरा! त्याचा ठोसा कुठून येतोय ते त्याच्या आईलासुद्धा कळायचं नाही. अठ्ठावीस वर्षं हेच दळण. मी म्हणते, अहो, खाटकाचे दात पडले, चॅम्पियनचे गुडघे गेले, तुमचा वाद तेवढा अजून तरुण!

बाबा मान खाली घालून टाके घालत बसायचे. कुणी फारच डिवचलं तर एवढंच म्हणायचे, "पोस्टमन." की दोघं खो खो हसणार. पोस्टमन चौथ्या फेरीतच आडवा झाला होता.

बाबांचा हात म्हणजे सोनं. पण एक खोड मी जन्मापासून बघत आले. नवा जोडा चावतोय, जरा मऊ करून द्या म्हणून गिऱ्हाईक आलं, की बाबा तो तसाच परत करायचे. "ज्याचा त्याने पायाने मऊ करावा." अहो, दोन मिनिटांचं काम! साच्यावर चढवायचा, चार हातोड्या मारायच्या, अंगठ्याने दाबायचा. गिऱ्हाईक उठून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं. मी चिडायचे, भांडायचे. बाबा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि रोज अकराला पोस्टमन यायचा. तोच तो. त्या लढतीनंतर त्याचं डोकं ठिकाणावर आलंच नाही. नोकरी गेली, पण पाय आपली वाट विसरले नाहीत. त्याची बहीण त्याला आंघोळ घालून, भांग पाडून, खांद्याला रिकामी पिशवी लावून सोडायची. घर न् घर फिरायचा. आमच्या दारात थांबायचा, पिशवीत हात घालायचा, चाचपायचा, आणि फार वाईट वाटल्यासारखं म्हणायचा, "तुमचं काही नाही आज."

बाबा उभे राहायचे. हातातली आरी खाली ठेवून, एखादा साहेब आल्यासारखे. तो वळणावरून दिसेनासा झाला तरी उभेच. लहानपणी मला या प्रकाराची भीती वाटायची. पोस्टमनची नव्हे, बाबांच्या चेहऱ्याची.

गेल्या महिन्यात खुद्द चॅम्पियन दुकानात आला. काठी टेकत, टाच निघालेला बूट हातात घेऊन. शिंपीकाका आणि कंडक्टर अशी संधी सोडतात होय? खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि विचारलंच, "आता तुम्हीच सांगा. सगळ्यात भारी कोण? खाटीक की डावखुरा?"

चॅम्पियनने उजवा हात गुडघ्यावर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "पोस्टमन," म्हणाला.

कंडक्टरचा कप अर्ध्यातच राहिला.

"त्या दिवशी माझ्या हातात काय शिरलं होतं, मला अजून कळलेलं नाही. दगड झाला होता हात. तसा ठोसा मी आधी कुणाला मारला नव्हता, नंतरही नाही. आणि तो त्याच्यापुढे पाच वेळा उठला. पाच वेळा! सहाव्यांदा नाही उठला. त्यानंतर मी घाबरलो. हात आखडता घ्यायला लागलो. तुमचा खाटीक बारा फेऱ्या टिकला ना? मी टिकू दिला. बायकोच्या खांद्यावरसुद्धा हा हात मी कधी ठेवला नाही. न जाणो."

बाबांच्या हातातला बूट खाली पडला.

"हात तुझा नव्हता," बाबा म्हणाले. "पाप माझं आहे."

मग ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लढतीच्या दुपारी दोघांचे नवे ग्लोव्ह्ज शिवण तपासायला बाबांकडे आले होते. चॅम्पियनचा उजवा फार कडक वाटला. आपल्या गावचा पोरगा, हाताला लागेल म्हणून बाबांनी तो नव्या जोड्यासारखाच मऊ केला. साच्यावर चढवला, ठोकला, दाबला. बुटाच्या कातड्यात नुसतं कातडं असतं. ग्लोव्हच्या आत घोड्याचे केस भरलेले होते. ते सगळे सरकून मनगटाकडे गेले. बोटांच्या हाडांवर राहिलं नुसतं कातडं. दुसऱ्या दिवशी ग्लोव्ह शिवणीला परत आला, तेव्हा बाबांच्या ते लक्षात आलं.

"तेव्हा बोलायला हवं होतं," बाबा म्हणाले. "मी शिवण उसवली, केस परत जागेवर भरले आणि तोंड शिवून घेतलं. ठोकलं ती चूक होती. परत भरलं ती चूक नव्हती, ते पाप."

मला वाटलं, चॅम्पियन आता काठी घालतो बाबांच्या डोक्यात. मी मध्ये जाऊन उभीही राहिले. तो बसल्या बसल्या आपली बोटं उघडत होता, मिटत होता.

"मला काय सांगतोस?" शेवटी तो म्हणाला. "त्याच्या बहिणीला सांग." आणि एक पाय अनवाणी, तसाच निघून गेला.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. बहिणीच्या नावाने, सगळं, काही न लपवता. मी म्हटलं, "बाबा, जाऊन सांगू या. मी येते बरोबर." तर म्हणाले, "पाय उचलत नाही गं." अकराला पोस्टमन आला. तो "तुमचं काही नाही" म्हणायच्या आत बाबांनी पाकीट त्याच्या पिशवीत टाकलं. पोस्टमनने ते काढलं, पत्ता वाचला, आपल्याच घराचा, आणि पिशवी छातीशी धरून चक्क भरभर चालत गेला.

पुढचे दोन दिवस तो आला नाही. बाबा अकरा वाजता उभे राहायचे ते एकपर्यंत. पाणीसुद्धा नको म्हणायचे. मला वाटलं, झालं, आता पोलीस येतील. खरं सांगते, बाबांचा राग आला होता मला, आणि त्यांच्यासाठी जीवही तुटत होता.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. पायात नवे काळे बूट, लंगडत. दारात थांबला. पिशवीत हात घातला, चाचपलं.

"तुमचं आलंय," म्हणाला. आणि लहान मुलासारखा हसला.

आमचंच पाकीट होतं, फोडलेलं. पत्राच्या मागे चार ओळी. बाबांना चष्मा सापडेना, मी वाचून दाखवलं.

'वाचलं. अठ्ठावीस वर्षं तो रोज तुमच्या दारात उभा राहिला आणि तुम्ही गप्प बसलात. माफ केलं असं मी लिहिणार नाही. त्याचे नवे जोडे चावतात, टाचा सोलल्यात, तरी फिरायचं सोडत नाही. मऊ करून द्या.'

बाबांनी पोस्टमनला खुर्चीवर बसवलं. खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट साच्यावर चढवला, हातोडी उचलली, आणि हात हवेतच थांबला.

"अहो, मारा की," पोस्टमन म्हणाला. "मला उशीर होतोय."