दार लावा, थंडी जातेय

भर उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतंय, माणसं सावली धरून चालताहेत, आणि एक बाई हातात जाडजूड लोकरी स्वेटर, कानटोपी नि हातमोजे घेऊन कामाला निघाली आहे. बघणाऱ्याला वाटावं, बाईंचं डोकं फिरलंय. पण गल्लीला आता सवय झाली होती. कोल्ड स्टोरेजमध्ये लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्यांना 'स्वेटरवहिनी' म्हटलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तेवीस वर्षं झाली. खरं नाव पगारपत्रकावर आहे म्हणतात.

वहिनी कोणाच्या, तर मिस्त्रींच्या. म्हणजे त्यांचा नवरा त्याच आवारातलं मशीनघर सांभाळायचा. वहिनींचं काम गोठवलेल्या मटारच्या खोलीत. खोकी मोजायची, जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे रचायचा, फाटलेलं खोकं बाजूला काढायचं. खोलीत उणे अठरा. श्वास सोडला की नाकासमोर धूर. अर्धा तास आत, पंधरा मिनिटं बाहेर, असं करत करत बोटांची पेरं सुजली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि लेक लग्न होऊन दूर गेली तरी वहिनी आपल्या त्याच खोलीत.

आणि मिस्त्री? काय सांगायचं त्या माणसाचं! माणूस वाईट नाही हो, दारू नाही, शिवी नाही. पण मशीन सोडून दुसरं काही सुचेल तर शपथ. लेकीचा रविवारी फोन आला की हे सांगणार काय, तर "नवीन पट्टा टाकला, आता आवाज गोड येतो." आवाज गोड! तीस वर्षं त्या धडधडीशेजारी बसून यांचे कान गेलेले. कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं. एरवी ओठांकडे बघून समजून घ्यायचे. मशीनचं मात्र सगळं तळहाताला कळायचं. अंगावर हात ठेवला की सांगायचे, तेल कमी आहे, पट्टा सैल आहे.

"माझं मशीन वीस मिनिटं पळतं, पंधरा मिनिटं बसतं," ते कौतुकानं म्हणायचे. "एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही."

"बायको किती पळते नि किती बसते, ते ठाऊक आहे का?" वहिनी विचारायच्या. पण तोंड दुसरीकडे करून विचारायच्या, म्हणजे उत्तराचा प्रश्नच यायचा नाही.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा मिस्त्रींनी त्यांना फिरायला नेलं ते कुठं, तर कोल्ड स्टोरेजच्या छतावर. तिथं जाळीदार पाइपांमागून पंख्याचा गरम वारा येत होता. "हात धर," म्हणाले. "थंडी म्हणून काही चीज नसतेच. खोलीत जी ऊब असते ती मशीन उचलतं नि इथं आणून टाकतं. वीज खातं ती तेवढ्यासाठी."

"म्हणजे हमालीच की," नवी नवरी म्हणाली.

मिस्त्री इतके खूश झाले की दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले. पुढे वहिनी मटारच्या खोलीत लागल्या, तेव्हा एकदा म्हणाले, "वरचा तो गरम वारा म्हणजे तुझ्या मटारची ऊब बरं का."

"आणि माझी?"

"तुझीपण. थोडी."

तेव्हा वहिनी हसल्या होत्या. पुढेपुढे हसू येईनासं झालं. आपल्या अंगातली ऊब काढून काढून हा माणूस छतावर टाकतोय आणि याला त्याचं काही नाही, असं एखाद्या दुपारी अगदी खरं वाटायचं.

एक भांडण मात्र रोजचं. आतून माल काढताना दार उघडं राहिलं की वहिनी ओरडायच्या, "दार लावा, थंडी जातेय!" आणि मिस्त्री जवळपास असले की लगेच बोट वर. "थंडी जात नसते. ऊब आत येते." घरी फ्रिजचं दार उघडलं तरी तेच. तेवीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा!

त्याच दाराची ही गोष्ट. दाराला आतून ढकलायचा एक खटका असतो, चुकून बंद झालं तर बाहेर पडायला. तो खटका चार महिन्यांपूर्वी मोडला. वहिनींनी सांगितलं. मिस्त्री म्हणाले, उद्या बघतो. पुन्हा सांगितलं, उद्या बघतो. मशीन नुसतं खोकलं तरी जेवत्या ताटावरून उठून धावणारा माणूस, त्याला चार महिन्यांत तो उद्या सापडला नाही. वहिनी आत जाताना दाराला लाकडाचा ठोकळा लावायला लागल्या.

त्या दिवशी तीन वाजता शेवटची गाडी भरून गेली. हमाल घरी गेले. वहिनी मशीनघराकडे मिस्त्रींचा चहा ठेवायला निघाल्या होत्या, खांद्याला फ्लास्क अडकवलेला, तेवढ्यात आठवलं की मागच्या रांगेतली मोजणी राहिली. पाच मिनिटांचं काम. ठोकळा लावला, आत गेल्या. हमालांनी भरताना ठोकळ्याची कड चेचून ठेवली होती की काय कोण जाणे. तो सटकला आणि मागून दाराचा तो जड, मऊ आवाज आला.

वहिनी गर्रकन वळल्या. धावत जाऊन खटका दाबला. तो नुसता लुळा पडला. खांदा लावला, लाथा घातल्या. हातभर जाड भिंती, आवाज जायचा कुठून? भिंतीवर बटण होतं, ते दाबलं की मशीनघरात घंटा वाजते. दाबलं. दहादा दाबलं. घंटा वाजलीही असेल बिचारी, पण ती ऐकायची कोणी? मोबाइल ऑफिसच्या टेबलावर होता, कारण आत आणला की गारठ्यानं बॅटरी मान टाकते. वॉचमन लांब गेटवर. मिस्त्री आठला सुटणार, साडेआठला घरी पोचणार, कुलूप बघून आधी वाट बघत बसणार. मनगटावरच्या घड्याळात तीन पस्तीस.

साडेआठपर्यंत आपली कोणालाही आठवण येणार नाही, हे कळलं तेव्हा वहिनींना थंडीच्या आधी राग आला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पापण्यांवर टोचायला लागलं. "मेल्यावर दुरुस्त करा तुमचा खटका," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

रडून भागणार नव्हतं. चहा पोचला नाही म्हणून तरी येतील? वहिनींनी ती आशा लगेच मोडीत काढली. गेल्याच आठवड्यात त्यांनी मुद्दाम दोन दिवस चहा नेला नव्हता. बघू तरी विचारतात का. नाही विचारलं.

तेवढ्यात वरचे ब्लोअर सुरू झाले. मशीन पळायला लागलं की हे पंखे फिरतात, मशीन बसलं की थांबतात. तो वारा सुरीसारखा अंगात शिरला. वहिनी खोक्यांच्या आड सरकल्या आणि त्यांची नजर ब्लोअरशेजारी गेली. तिथं बारीक तारेला बोटाएवढी पितळी नळी लटकत होती. थर्मोस्टॅटची. मिस्त्रींनी जेवताना शंभर वेळा ऐकवलेलं. नळी पुरेशी गार झाली की मशीन थांबतं, नळीला ऊब लागली की सुरू होतं. मशीनला खोली कळत नाही, त्याला फक्त नळी कळते.

वहिनींच्या हातात दोन उपाय होते. गोठलेल्या मटारच्या पिशव्या नळीभोवती बांधायच्या. मशीन बसलं की तासन्‌तास उठणार नाही, वारा बंद, खोलीतला गारठा हळूहळू का होईना कमी होईल. पण मशीन निवांत बसलंय म्हटल्यावर मिस्त्रीही पेपर तोंडावर घेऊन निवांत बसणार. नाहीतर उलट करायचं. नळीला ऊब द्यायची. मशीन पळतच राहील, खोली आणखी गार होईल, उणे वीस, उणे पंचवीस. पण मशीन वीस मिनिटांनी थांबलं नाही तर मिस्त्री उठतील. बायको दिसली नाही म्हणून नाही उठणार, मशीन बसलं नाही म्हणून उठतील. वहिनींना हे इतकं स्वच्छ दिसलं की स्वतःचीच कीव आली.

ऊब तरी कुठली द्यायची? पूर्वीचा पिवळा बल्ब असता तर त्यानं हात शेकले असते. पण तो उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो म्हणून मिस्त्रींनी काढून टाकला होता, त्या जागी पांढरा, थंड दिवा लावला होता. उरला फ्लास्कमधला चहा. अंगात ऊब घालायला तेवढीच एक वस्तू, नि यंत्राला फसवायलाही तेवढीच.

वहिनींनी अर्धा कप ओतला आणि घटाघट प्यायल्या. घशापासून पोटापर्यंत ऊब उतरलेली कळली. आणखी ओतावा असं हाताला फार वाटत होतं. मग त्यांनी खोकं ओढलं, त्यावर चढल्या, नळी फ्लास्कमध्ये सोडली, फ्लास्कच्या तोंडात रुमाल कोंबला आणि गळ्यातल्या मफलरनं फ्लास्क ब्लोअरच्या पाइपाला बांधून टाकला. "घ्या," म्हणाल्या, "तुमचा चहा तुमच्या मशीनला."

मग खोकी उचलायला घेतली. या रांगेतली त्या रांगेत, त्या रांगेतली पुन्हा इकडे. दुपारी खाल्लेलं अन्न अंगात जळायला हवं, तर हलत राहायला हवं, आणि घाम येऊ द्यायचा नाही, कारण घाम गोठला की संपलं. तेवीस वर्षांत एवढं शिकल्या होत्या. रचता रचता खोक्यांची छातीएवढी भिंत झाली, तिच्याआड वारा जरा कमी लागायचा.

तीन पंचावन्नला वीस मिनिटं झाली. ब्लोअर थांबले नाहीत. आता मिस्त्रींनी पेपर खाली ठेवला असेल. चार वाजता मशीनच्या अंगावर तळहात ठेवला असेल. चार वाजून पाचला तेल बघितलं असेल, मग पट्टा. मग चष्मा शोधतील, तो कपाळावरच असेल. मग गॅसच्या दाबाचा काटा बघतील. मग छतावर जाऊन पंखा बघतील. वहिनी त्यांच्यामागून फिरावं तशा मनानं फिरत होत्या. सगळं ठीक निघालं की मग त्यांना खोलीकडे यावंच लागेल, तापमानाचा काटा दाराबाहेर आहे. चार वीसला येतील.

चार वीसला आले नाहीत. साडेचारलाही नाही. पायाची बोटं आहेत की नाहीत हे कळेना. दात इतके वाजत होते की जबडा दुखायला लागला. वहिनींनी वाऱ्याकडे तोंड करून नवऱ्याला हवं ते सुनावलं, लग्नापासूनचं सगळं. चार चाळीसला दात वाजायचे थांबले, आणि ते चांगलं लक्षण नव्हे हे त्यांना ठाऊक होतं. खोकं उचलायला गेल्या तर बोटांनी धरलंच नाही. झोप यायला लागली. नळी काढावी, मटार गुंडाळावा, हा वारा तरी थांबेल. त्या खोक्यावर चढल्या, मफलरच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना. बोटंच वळत नव्हती. वहिनी तिथंच पाइपाला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. फ्लास्क गालाशी होता, पण बाहेरून गारच. चांगला फ्लास्क होता, आतली ऊब बाहेर येऊच देत नव्हता. लेकीनं दिलेला. वहिनींना हसू आलं, नि हसताना रडू.

दार उघडलं तेव्हा त्यांना वाटलं, भास होतोय.

मिस्त्री दारात उभे. हातात पान्यांची पिशवी, चष्मा कपाळावर, आणि नजर अर्थातच वर, ब्लोअरकडे. "उणे सत्तावीस, आणि तरी थांबत नाही म्हणजे..." ते स्वतःशी बडबडत होते. मग नळीची तार दिसली. तारेखाली फ्लास्क दिसला. आपला, रोजचा, निळा. त्या फ्लास्कला टेकलेली बायको दिसली.

पान्यांची पिशवी हातातून सुटली आणि उंबऱ्यातच पडली. मिस्त्री काय बोलले ते त्यांनाही आठवत नाही. खोक्यावरून वहिनींना त्यांनी उचलून खाली घेतलं आणि दाराशी आणून पायरीवर बसवलं. त्यांचे हातमोजे ओढून काढले आणि आपला शर्ट वर करून ते दोन्ही हात स्वतःच्या पोटाला लावले. मशीनशेजारी बसून तापलेलं पोट ते. बर्फासारखे हात लागले तसे मिस्त्री शहारले, पण हात सोडले नाहीत.

"मशीन थांबेना," ते म्हणाले. "मी म्हटलं, मशीन का थांबत नाही. सगळं बघितलं. तेल बघितलं, पट्टा बघितला..." आणि तिथं त्यांचा आवाज फुटला. "तेल कशाला बघत बसलो गं मी?"

वहिनींना यावर खूप बोलायचं होतं. तासभर साठवलं होतं. पण ओठ सुन्न होते आणि मेंदूही. मागं दार सताड उघडं होतं, आतला धूर त्यांच्या पायांवरून बाहेर ओघळत होता, आणि तेवीस वर्षं तोंडात बसलेलं तेवढंच बाहेर आलं.

"दार लावा," त्या पुटपुटल्या. "थंडी जातेय."

मिस्त्रींनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. बोट वर केलं नाही.

"जाऊ दे," म्हणाले.

वॉचमन धावत आला, मॅनेजर आले. माल खराब होईल, दार लावा, म्हणून ओरडायला लागले. मिस्त्रींना ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे. ते पायरीवर तसेच बसून राहिले, पोटाशी ते दोन हात धरून. पलीकडे मशीन एकसारखं पळत होतं, आणि मिस्त्री तिकडे बघतही नव्हते.