गणपतीत गेलेल्या पोरी

माणगावच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत गेलं की औषधाच्या गोळ्या डब्यांत भरणारा एक कारखाना लागतो. राही दळवी तिथे पॅकिंगची सुपरवायझर. साधी पॅकिंगला लागली तेव्हा तिचा मुलगा बालवाडीत होता. आता तो कॉलेजात जातो. राहीचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. आसपासच्या गावांतल्या पोरी तिच्या हाताखाली असतात आणि काम शिकवताना ती जेवढं ओरडते, तेवढंच डब्यातलं कालवणही वाटते.

दर गणपतीत मात्र राहीचा जीव मेटाकुटीला यायचा. सणाला सुट्टी मागितली की ऑफिसातून नकार यायचा, कारण माल नेमका त्याच दिवसांत जायचा असे. पोरी मुकाट मान डोलवायच्या आणि चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून फोन बंद. सण उरकला तरी निम्म्या यायच्याच नाहीत. मग नव्या पोरी घ्या, त्यांना शिकवा, त्यांचा हात बसेपर्यंत दिवाळी. "आजकालच्या पोरींना कामाची गरजच न्हाय," असं राहीसुद्धा म्हणायची.

गेल्या वर्षी अशीच आरोही गेली. लग्न होऊन जेमतेम काही महिने झालेली, हाताला विलक्षण चपळ. राहीला तिचं जाणं लागलं.

दसऱ्याच्या सुमारास राही बाजारात सुकी मासळी घेत होती. समोरून आरोही आली, राहीला बघितलं आणि चटकन भांड्यांच्या दुकानात शिरली. राही पिशवी तशीच टाकून तिच्या मागे गेली.

"काय गं, मी काय वाघीण हाय? पळतेस कशाला?"

आरोहीने मान खाली घातली. "तोंड कसं दाखवू ताई? माझा पयला ओवसा होता. नवी सून गौरीपुढं सूप घेऊन उभी न्हाय राहिली तर सासरी काय म्हणतील? सुट्टी न्हाय मिळाली, म्हणून तशीच राहिले घरी."

"मग सण झाल्यावर यायचं होतंस."

"गेटपर्यंत आलेली. वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणी खावी लागणार. तिथूनच मागं फिरले." मग हळूच म्हणाली, "आता पुढच्या कंपनीत जाते. काम न्हाय आवडत. इथलंच बरं होतं."

राही त्या दिवशी मासळी विसरूनच घरी आली. पोरी काम टाकून जात नव्हत्या. त्या सणाला जात होत्या आणि परतीची वाट त्यांना दिसत नव्हती, एवढंच. स्वतः राहीनेही कधी कुणाच्या घरी जाऊन 'ये गं परत' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली. केतन मूळचा नवसारीचा, स्वभावाने शांत, पण मालाच्या तारखेपुढे त्याला काही सुचत नसे.

"साहेब, दिवाळीला तुम्हाला नवसारीला सोडलं न्हाय तर?"

"तरी जाणार," केतन हसला. "मम्मी घरात घेणार नाही."

"पोरींचंही तसंच हाय. आपण न्हाय म्हटलं तरी जातात. हो म्हटलं तर निदान परत तरी येतील."

केतनने हातातलं पेन खाली ठेवलं. "राहीताई, सगळ्या एकदम गेल्या तर मशिनं काय मी चालवू?"

"सगळ्यांकडे गणपती सारखे न्हाईत. कोणाचे दीड दिवसाचे, कोणाचे गौरीबरोबर जातात. आपल्या पॅकिंगच्या रुकैयाकडे तर न्हाईतच. पाळ्या बसवते मी."

केतन म्हणाला, "मग श्रावणातच जास्तीचा माल भरून ठेवू. तेवढं मी वरच्यांना पटवतो." हे राहीला सुचलं नव्हतं.

रविवारी ती आरोहीच्या घरी गेली. चहा झाला, सासूशी गप्पा झाल्या, आणि आठवडाभरात आरोही पुन्हा पॅकिंगला उभी राहिली. कोणी काही बोललं नाही; राहीने सगळ्यांना आधीच दम भरून ठेवला होता.

यंदा श्रावणात जेवणाच्या सुट्टीत पाळ्या ठरल्या. रुकैया म्हणाली, "गौरीला तुम्ही खुशाल जा. ईदला मात्र मला फोन करायचा न्हाय." त्यावर जो हशा पिकला, तो ऑफिसापर्यंत ऐकू गेला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोघी पनवेलला जास्त पगारावर गेल्या, त्यांना कोण अडवणार? गौरी जेवणाच्या दिवशी एक मशीन बंद ठेवावं लागलं आणि केतनने स्वतः बाही सरसावून खोकी उचलली. पण माल वेळेवर गेला. आणि राही, जी दर गणपतीत दुसऱ्यांच्या जागी उभी राहायची, ती यंदा कित्येक वर्षांनी आरतीला आपल्या घरी होती. आरत्या म्हणता म्हणता तिचा घसा बसला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची बस आली. पोरी एकमेकींच्या हातावरची मेंदी बघत, कलकलाट करत उतरल्या. शेवटी आरोही उतरली. तिच्यामागे पदर सावरत आणखी एक बाई.

"ताई, ही माझी जाऊ," आरोही म्हणाली. "म्हणते, तिथं सणाला सोडतात तर मी पण येते. जागा हाय का?"

राहीचा आवाज अजून बसलेलाच होता. तिने जावेला हाताला धरलं आणि आत घेऊन गेली.