मोर्चाची तीन अक्षरं
कवितेत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की तुम्हीही तो खोडता का? ताज्या पत्रकाच्या शाईचा वास आला की मला घोडेगावचा मोर्चा आठवतो. डोंगरातल्या शाळकरी मुलींना संध्याकाळची एसटी हवी होती. पत्रकावर त्यांच्यातल्याच एकीची कविता होती: ‘गाडी चुकली, तू चाल, वाट अडली, तू चाल, रात पडली, तू चाल.’ आमच्या म्होरक्याने छापताना पहिले दोन ‘तू चाल’ काढले. म्हणाला, “लई रिपीट व्हतंय, राव.” तहसील कचेरीच्या फाटकाशी तो एकटाच वाचत राहिला आणि मोर्चा गप्प. तहसीलदार साहेबांची जीप सुरू झाली. ती गेली असती तर एसटीही हातची गेली असती. तेवढ्यात कविता लिहिणारी ती मुलगी पुढे घुसली. “भाऊ, तुमी आमचं बोलणंच कापलं की!” तिने पाच अक्षरं म्हटली, ‘गाडी चुकली’, आणि थांबली. उरलेली तीन, ‘तू चाल’, आम्ही भरली. चुकली, अडली, पडली. प्रत्येक यमकावर ‘तू चाल’ चढत गेलं. जीपचं इंजिन बंद झालं, साहेब उतरले आणि डेपोला फोन लावला. आजही पत्रक लिहिताना मी आधी लोकांनी म्हणायचे शब्द मोजतो. तुम्हीही कविता छापण्याआधी चार माणसांत मोठ्याने म्हणा, आणि जिथे ती साथ देतील तिथे कात्री लावू नका.