साडेनऊशे मैल आणि उत्तरेचा वारा

मुरुडच्या कोळीवाड्यातला हरेश्वर तांडेल साठी उलटली तरी शिडाच्या मचव्याचं सुकाणू दुसऱ्याच्या हाती देत नसे. मी गावचा शाळामास्तर, स्वतःला फार शहाणा समजणारा. त्याच्याशी वाद घालायची मला भारी हौस.

१९३६च्या पौषात मचव्याची मालकीण चंद्राबाई, म्हणजे हरेश्वरच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी, मागल्या खेपेला वारा फिरंल म्हनून जयगडात दोन दिस बसवलंत. तुमचा अंदाज आता चुकतो. मालवणची खेप धर्मा नेईल." धर्मा तिचा भाचा. हरेश्वरचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची फार दया आली.

त्याच संध्याकाळी मी किनाऱ्यावर चंद्राबाईसकट सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. मुंबईचा एक वैमानिक सिलोनात, कोलंबोला जाऊन परत येणार होता. अंतर साडेनऊशे मैल, विमानाचा वेग ताशी पंचाण्णव.

"जायला दहा तास, यायला दहा तास," मी भागाकार करून मोकळा झालो.

"न्हाय," हरेश्वर म्हणाला. "आता वारा उत्तरेचा. जाताना दहा लागनार न्हायत, येताना दहात भागनार न्हाय. आन् जाताना वाचंल त्याहून येताना जास्त जाईल."

धर्मा खो खो हसला. "अवो तांडेल, त्याला काय शीड हाय?"

मीही हसलो. इकडे वाचलं तेवढंच तिकडे जाईल, एकूण वीस तासच होणार, असं मी ठासून सांगितलं. हरेश्वर उसळला.

"वैनी, खेप थांबवा. माजा अंदाज चुकला तर सुकान धर्माचं. बरोबर आला तर माजं. व्हय का न्हाय?"

"व्हय," चंद्राबाई म्हणाली.

विमान परतल्याची बातमी पाचव्या दिवशी आगबोटीनं आली. सगळा कोळीवाडा माझ्याभोवती जमला. मी वर्तमानपत्र उघडून वाचू लागलो. वाटेत उतरण्याचा वेळ सोडून जाताना नऊ तास पंधरा मिनिटं, येताना दहा तास पंचावन्न!

"परत वाचा," हरेश्वर म्हणाला. त्यानं मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर सगळे ओरडले, "दहा तास पंचावन्न!" त्यातल्या निम्म्यांना घड्याळ कळत नव्हतं. म्हातारा वाळूत चक्क नाचला, आणि हरूनही मला हसू आवरेना.

"चुकलं माजं, भावजी," चंद्राबाई म्हणाली. "मचवा तुमचाच."

मी मात्र अडून बसलो होतो. "पण येताना जास्त का जातं? वारा तर तोच!"

"मास्तर, उलट्या वाऱ्यात मानूस हळू चालतो. म्हनून त्या वाऱ्यात तो जास्त वेळ ऱ्हातो."

इतकी वर्षं भागाकार शिकवून हे मला सुचलं नव्हतं. मी त्याला कोपरापासून हात जोडले. पण तिकडे बघायला त्याला सवड कुठे होती? तो पाण्यात शिरला, मचव्यावर चढला, सुकाणू धरलं आणि गरजला, "धर्मा, नांगर काढ!"