उजवीकडचा लांबट उतार

भगवान डोंबिवलीत माझ्याच कॉलेजात गणित शिकवायचा. मी इतिहासवाला. वर्तकनगरला आमच्या खोल्या समोरासमोर, त्यामुळे त्याच्या पीएचडीचं भूत माझ्याही मानगुटीवर बसलं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. माणसाने इतकं हुशार असून इतकं भिडस्त असावं कशाला?

विषय त्याने मला नळावर समजावला. "चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे आकडे चौकोनात मांडायचे. त्यातून काही ठरावीक आकडे निघतात, आयगेनव्हॅल्यू. मूळ आकडे कितीही बेशिस्त असू देत, हे मात्र आपसांत अंतर राखून उभे राहतात, या रांगेतल्या हंड्यांसारखे." त्याला हवा होता रांगेतला सगळ्यात मोठा आकडा. चौकोन बदलला की तो थोडा पुढेमागे सरकतो. तो कसा सरकतो, एवढंच भगवानला शोधायचं होतं.

शहाऐंशीपासून दर रविवारी तो कॉलेजच्या एकुलत्या एका संगणकापुढे बसला. दोन वर्षांत अठरा हजार चौकोन झाले. सगळे मोठे आकडे त्याने आलेखाच्या कागदावर मांडले तेव्हा घंटेचा आकार यायला हवा होता. आला तो वाकडा. डावीकडे घसरण कडक, उजवीकडे लांबट उतार.

मार्गदर्शकांनी कागद पाहून परत सरकवला. "संगणकाच्या आकड्यांत खोट आहे. दुसरे आकडे घ्या."

दुसरे आकडे कुठून आणायचे? त्याचे वडील धोंडिबा खोपटच्या एसटी डेपोत कामाला होते. रद्दीत जाणारे किलोमीटरचे तक्ते ते घरी आणू लागले. प्रत्येक गाडीच्या किलोमीटरमधला अगदी शेवटचा आकडा, जो चिठ्ठी काढल्यासारखा कसाही येतो, तो ते मोठ्याने वाचायचे, सून रमाबाई लिहून घ्यायची. दहा बाय दहाच्या चौकोनाचा एक तिरका अर्धा दुसऱ्याची नक्कल असायचा, म्हणून एकाला पंचावन्न आकडे पुरायचे; तरी असे चारशे छोटे चौकोन व्हायला वर्ष गेलं. साठीला टेकलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून आकडे वाचायचा, हे मी रोज खिडकीतून पाहिलंय.

उतार पुन्हा तसाच निघाला.

इथे दुसरा कुणी मार्गदर्शकांशी भांडला असता. भगवानला लहानपणापासून एकच सवय लागली होती. उत्तर बरोबर आलं तर मास्तर विचारायचे, कुणाचं बघितलंस? त्यामुळे मोठ्या माणसाने चूक म्हटलं की तो आधी आपल्याच घरात चूक शोधायचा.

"बाबा, तुमचं वाचताना काही चुकलं असेल का?"

धोंडिबांनी हातातला तक्ता डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "असंल बाबा. डोळं आता पयल्यासारखं नाय ऱ्हायलं."

त्याच आठवड्यात त्यांनी चष्मा करून घेतला.

आणि मी काय केलं? मी म्हणालो, "अरे, ते उजवीकडचे काढून टाक ना. डिग्री घे आणि मोकळा हो." त्याने सदोष म्हणून अकराशे चौकोन वगळले. घंटा सुरेख आली. नव्वद साली तो डॉक्टर झाला, पेढे मीच वाटले. धोंडिबा प्रत्येकाला सांगत होते, "माझ्यामुळं एक वरीस वाया गेलं पोराचं. चष्मा नव्हता ना तवा." त्र्याण्णवला ते गेले.

शहाण्णवच्या जूनमध्ये भगवान मुंबईच्या ग्रंथालयातून एक झेरॉक्स घेऊन थेट माझ्याकडे आला. परदेशातल्या दोघांनी त्या सरकण्याचं सूत्र छापलं होतं. सूत्र मला कळणार नव्हतंच. त्याने त्यावरून काढलेलं वळण आणि आपला जुना कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावला. डावीकडे घसरण कडक, उजवीकडे लांबट उतार. बोट फिरवलं तरी फरक सापडेना.

"मग कळव ना त्यांना," मी म्हणालो.

"काय कळवू? माझ्या प्रबंधात छापलंय की तो उतार नाहीच. खाली सही माझी आहे."

सल्ला माझा होता, आणि त्याने एकदाही तसं म्हटलं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

कागद काढून त्याने नीट घडी घातली. "अरे, सूत्र कुणी का शोधेना. मला त्याचं काही नाही वाटत," तो म्हणाला. "बाबांनी बावीस हजार आकडे वाचले. सगळे बरोबर वाचले होते रे."